वाळवंटात कसली आलीत फुलं!

मार्चमधल्या एका सकाळी मी टेलिफोनच्या बोर्डावर बसले होते. दिवा पेटला, मी वायर खोचली, ‘गुड मॉर्निंग’ म्हणायला तोंड उघडलं आणि शिंक आली. मग दुसरी. मग इतक्या लागोपाठ आल्या की कंपनीचं नाव सांगायच्या आत पलीकडच्या माणसाने फोन ठेवून दिला. मी डोळे पुसले, नाक पुसलं, पाणी प्यायले. पुन्हा दिवा पेटला. पुन्हा तेच.

सत्तरचं दशक तेव्हा संपत आलं होतं. बहारीनला, मनामातल्या एका व्यापारी कंपनीत मी ऑपरेटर होते. कंपनी फ्रीज आणि एअरकंडिशनर आणून विकायची, त्यामुळे उन्हाळ्यात बोर्ड क्षणभर शांत नसायचा. हे काम मी लग्नाआधी मुंबईत शिकले होते, आणि त्यात मी चांगली होते, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. गुहागरच्या बाजूच्या खेड्यातली मी. शाळेत असताना माझ्या आवाजाला मुली हसायच्या, बाप्याचा आवाज म्हणून. बोर्डावर त्याच आवाजाची किंमत झाली. गिऱ्हाइकं साहेबाला सांगायची, तुमच्या ऑपरेटरचं बोलणं ऐकलं की अर्धी तक्रार विसरायला होते. तो आवाज त्या मार्चमध्ये बसला. घशातून फुटक्या पिपाणीसारखा काहीतरी आवाज निघायचा, आणि तोही दोन शिंकांच्या मधे मिळेल तेवढ्या जागेत.

साहेब इंग्रज होता. वाईट नव्हता. पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलापाशी थांबून म्हणाला, “हे तर अगदी ‘हे-फीवर’. लहानपणी मला जून महिन्यात असंच व्हायचं. गवत फुललं की संपलंच.”

मला इतकं बरं वाटलं! निदान या गोष्टीला नाव होतं.

“मग यावर काय करायचं, सर?”

“पण इथे ते असणार नाही,” तो म्हणाला. “इथे गवत कुठे आहे? हे वाळवंट आहे. वाळवंटात कसली आलीत फुलं! तुम्हांला सर्दी झाली असेल.”

आणि तो निघून गेला. नाव देऊन, परत काढून घेऊन. पुढची काही वर्षं मला भेटलेल्या प्रत्येक माणसाने थोड्याफार फरकाने हेच केलं.

त्याच हिवाळ्यात आम्ही मनामातली खोली सोडून मुहर्रक बेटावरच्या अरादला राहायला आलो होतो. माझे मिस्टर अस्कर गावाच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते, शिफ्ट ड्यूटी; त्यांची बस मुहर्रकलाही यायची. मनामातल्या खोलीची एकुलती खिडकी समोरच्या गोदामाच्या भिंतीवर उघडायची. दोन वर्षं मी ती भिंत पाहिली. अरादचं घर पाहायला गेलो, तेव्हा जिना चढता चढता एक फांदी माझ्या खांद्याला लागली. मी वर पाहिलं तर झाड! मोठं, पसरलेलं, बारीक पानांचं, शेंगा लोंबकळणारं. आमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीला ते जवळजवळ टेकलेलं होतं. मी मिस्टरांना तिथेच म्हटलं, “अहो, हेच घर घ्यायचं. बाकीचं बघायची गरज नाही.”

देशावरच्या माणसाने ते झाड पाहिलं असतं तर वेडी बाभूळ म्हणून ओळखलं असतं. आमच्या कोकणात मी ते कधी पाहिलं नव्हतं. मला ते फक्त हिरवं दिसलं.

घर एका म्हाताऱ्या बाईचं होतं. खाली ती, तिचा मुलगा, सून. वरचा मजला आमचा. आजूबाजूचे सगळे तिला हज्जी म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागले. तिचा नवरा मोत्यांच्या व्यापारात होता, आणि तरुणपणी काही वर्षं ती त्याच्याबरोबर मुंबईला राहिली होती. त्यामुळे तिला बाजारी हिंदी यायचं, मोडकंतोडकं, पण न अडखळता. रोज असर झाली, म्हणजे तिची दुपारनंतरची नमाज झाली, की ती झाडाखाली लाकडी खुर्ची टाकून बसायची. मी कामावरून आले की म्हणायची, “आ गया, बिंती? बैठ.” बिंती म्हणजे माझी पोर. सासरमाहेर दोन्ही समुद्रापलीकडे असलेल्या बाईला कुणी असं म्हटलं की ती बसतेच. मीही बसायचे. तिच्याबरोबर, झाडाखाली, डोक्यावर झाडाच्या पिवळट तुऱ्यांची झिरमिळी घेऊन, तास तास.

तेव्हा कुणाला काय माहीत!

बहारीनचा मार्च फार सुखाचा. थंडी संपलेली, उकाडा अजून दूर. वर्षभरात तेवढेच काही आठवडे एअरकंडिशनर बंद करून खिडक्या उघड्या टाकता येतात. मी त्याची वाटच पाहत असायचे. खिडक्या सताड उघडायच्या, चादरी गच्चीवर वाळत घालायच्या, रात्री त्याच चादरींवर झोपायचं. आणि सकाळी उठायचं ते सुजलेल्या डोळ्यांनी. टाळूला अशी खाज सुटायची की जिभेने खरवडून समाधान होत नसे. कानाच्या आत खाज, जिथे बोट पोचत नाही तिथे. हे ज्याला झालेलं नाही त्याला सांगून कळत नाही. लोकांना वाटतं, शिंका म्हणजे शिंका, त्यात काय एवढं.

मनामातल्या डॉक्टरांकडे गेले. आपल्याकडचेच होते, दवाखाना सदा भरलेला. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, “घरात धूळ आहे?”

“डॉक्टर, बहारीनमध्ये धूळ नाही असं घर आहे का?”

“मग झालं तर. धुळीची अ‍ॅलर्जी. धूळ टाळा.”

छोट्या पिवळ्या गोळ्या दिल्या. मी घरी येऊन युद्धच पुकारलं. गालिचा उचलून देऊन टाकला. पडदे काढले. उशा बदलल्या. रोज ओल्या फडक्याने फरशी, दारं, पंख्याची पाती. आणि घरातली धूळ बाहेर जावी म्हणून खिडक्या आणखी उघड्या! आज ते आठवलं की माझ्याच कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. मार्च सरला, एप्रिलही सरत आला, मी झाडून पुसून वाळले, आणि शिंका तशाच.

गोळ्यांनी शिंका थोड्या कमी व्हायच्या, पण झोप यायची. साधी झोप नव्हे. डोक्यावर कुणीतरी ओलं घोंगडं टाकल्यासारखी. मी बोर्डावर बसून स्वतःच्या मांडीला चिमटे काढायचे. एक दिवस लागोपाठ दोन फोन आले. एक साहेबाच्या लंडनच्या हेड ऑफिसचा, दुसरा रिफाच्या एका गिऱ्हाइकाचा, ज्याचा नवा फ्रीज तिसऱ्यांदा बंद पडला होता. मी वायरी उलट्या खोचल्या. गिऱ्हाइकाने साहेबाला, तो कोण आहे हे न विचारता, अरबीत आणि इंग्रजीत मनसोक्त शिव्या दिल्या. आणि लंडनचा मोठा माणूस आमच्या वर्कशॉपच्या फोरमनशी बोलत राहिला. फोरमन त्याला हिंदीत सांगत होता, “साब, कॉम्प्रेसर खलास है, अभी मफी, नहीं मिलता, इंशाल्ला अगले हफ्ते.”

ऑफिसात लोक महिनाभर हसले. मी हसले नाही. साहेबाने मला बोलावलं आणि अगदी सभ्यपणे सांगितलं की बरं वाटेपर्यंत तुम्ही बोर्डावर बसू नका, फायलींच्या खोलीत काम करा. बरं वाटेपर्यंत! बोर्डावर दुसरी मुलगी आली. आवाज तिचा पातळ, पण शिंकायची नाही.

फायलींची खोली म्हणजे मागच्या बाजूची बिनखिडकीची जागा. जुने कागद, पुठ्ठे, उंदरांनी कुरतडलेले कॅटलॉग. साऱ्या इमारतीत तिच्याइतकी धूळ कुठेच नव्हती. एक फाईल ओढली की करड्या धुळीचा लोट अंगावर. आणि तिथे मला शिंका येईनात. सकाळी घरून निघताना लाल झालेले डोळे दुपारपर्यंत तिथे निवळायचे. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी एका हातात फाईल धरून उभीच राहिले. मुद्दाम तोंडाजवळ नेऊन ती झटकली. काही नाही.

मी धावत डॉक्टरांकडे गेले. “डॉक्टर, धुळीने होत नाही मला. सगळ्यात धुळीच्या जागेत मी बरी असते.”

ते म्हणाले, “सवय झाली असेल.”

“आणि मग घरी का होतं?”

“घरी काही टेन्शन?”

त्या दिवशी मी तिथून उठून आले ते परत त्या दवाखान्याची पायरी चढले नाही.

घरी टेन्शन नव्हतं, पण त्यानंतर झालं. कारण तो टेन्शनचा शब्द मिस्टरांना पटला. आमचे हे माणूस म्हणून चांगले. कधी आवाज चढवायचे नाहीत. पण विजेच्या कामात जन्म गेलेला. जे मीटरवर दिसत नाही ते नाही. त्या मे महिन्यात आम्ही रजेवर गावी गेलो आणि मी ठणठणीत झाले. समुद्रावरचं वारं, आंबे, आईच्या हातचं. मिस्टरांनी हिशोब मांडला: गावी गेली की बरी, इथे आली की आजारी, म्हणजे हिला घरची ओढ आहे.

“अगं, मनाचं आहे हे,” ते म्हणाले. “तुला इथे करमत नाही, ते नाकातून बाहेर पडतं.”

“मला इथे करमतं,” मी म्हटलं. “मला बोर्डावर बसायला आवडतं. मला हे घर आवडतं. मला शिंका आवडत नाहीत.”

“तेच म्हणतोय मी. तू मनावर घेऊ नकोस.”

मनावर घेऊ नको म्हणून नाकाला सांगायचं? मी चिडून काही बोलायला गेले आणि मला ठसका लागला. ते पाण्याचा तांब्या घेऊन आले. त्या तांब्याचाही मला राग आला.

पुढचा मार्च आला तसा मीही तयारीत होते. आल्याचा काढा, ओव्याची पुरचुंडी, निलगिरीचा वाफारा, नाकात कोमट मिठाचं पाणी. पाण्याने तेवढा वेळ बरं वाटायचं, म्हणून ते मी पुढे कायम ठेवलं. बाकी सगळं चुलीत गेलं. त्याच सुमारास मनामात राहणारी माझी एक मैत्रीण, रत्नागिरीची, बाळंत झाली. तिच्या घरी कुणी बाईमाणूस नव्हतं, म्हणून मी आठवडाभर तिच्याकडे राहायला गेले. चौथ्या मजल्यावरचं घर, चारी बाजूंनी सिमेंट. दोन दिवसांत माझं नाक मोकळं झालं. बाळाला झोपवताना मी अंगाई म्हटली तर मैत्रीण म्हणाली, “अगो, आवाज आला की तुझा!”

आठवड्याने अरादला परतले. टॅक्सीतून उतरले, जिना चढायला लागले, फांदी खांद्याला लागली, आणि वरच्या पायरीवर पोचेपर्यंत शिंकांनी माझी कंबर धरली. मी तशीच मागे वळले. झाड फुललं होतं. फिकट पिवळे, बोटभर लांब तुरे, सुरवंटासारखे. गच्चीवरून मिस्टरांचे पांढरे शर्ट काढून आणले तर त्यांच्यावर पिवळसर पूड. मी बोट फिरवलं, वास घेतला. पुढचा अर्धा तास काही सांगता येत नाही.

मिस्टरांना शर्ट दाखवला. ते म्हणाले, “वाळू आहे.”

“वाळू पिवळी असते?”

“इथली असते.”

मग मी खाली हज्जीकडे गेले. कसा विषय काढू, हे ठरवतच गेले होते, पण तिने माझा चेहरा बघूनच खुर्ची पुढे केली. मी सांगितलं, हज्जी, या झाडाच्या फुलांनी मला त्रास होतो. खिडकीकडच्या फांद्या तरी कापता येतील का?

झाडाच्या बुंध्यावर हात ठेवून तिने सांगितलं की हे तिच्या नवऱ्याने लावलं होतं. तेव्हा या घरात वीज नव्हती. उन्हाळ्यात पोरं याच्याखाली झोपायची. तिचं एक मूल तापाने गेलं, तेही शेवटी याच्याखाली निजलं होतं, कारण घरात श्वास घेववत नव्हता.

“ये नहीं काटेगा, बिंती,” ती म्हणाली. “फांदी भी नहीं.”

आणि आत जाऊन तिने मला मध आणून दिला. इथल्याच झाडांचा मध, छातीला चांगला, रोज चमचाभर घे म्हणाली. मी तिच्यासमोर चमचाभर घेतला. घशात खाज सुटली ती संध्याकाळपर्यंत. तिने इतक्या मायेने दिलेला, की मी दुसऱ्या दिवशी “अच्छा है” म्हटलं आणि ती आणखी एक बाटली घेऊन आली.

अशी वर्षं गेली, मधे आम्हांला मुलगी झाली. घर बदलायचं म्हटलं की मिस्टरांना बस, पाणी, भाडं, शेजार सगळं आठवायचं, आणि खरं सांगायचं तर मलाही हज्जी सोडवत नव्हती. मी शिकत गेले. फेब्रुवारी संपला की बहारीनमधला सगळ्यात सुंदर ऋतू सुरू व्हायचा, आणि मी त्या खिडक्या घट्ट बंद करायचे. फटींना ओले टॉवेल. कपडे न्हाणीघरात वाळवायचे, त्यांना कुबट वास आला तरी. बाहेरून आलं की आधी केस धुवायचे. लोक झल्लाकच्या समुद्रावर सहलीला जायचे, मला बोलवायचे. मी काळा चष्मा लावून, पदर नाकावर धरून जायचे आणि पहिल्या तासात गाडीत जाऊन बसायचे. मैत्रिणी म्हणायच्या, हिचं काहीतरी वेगळंच असतं. मे महिन्यात त्रास थांबायचा, तेव्हा बाहेर पाऊल टाकवत नाही असा उकाडा. बहारीनमध्ये मी एकही वसंत पाहिला नाही असं म्हणायला हरकत नाही. काचेतून पाहिला.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं तेव्हा मोठ्या सरकारी हॉस्पिटलात अ‍ॅलर्जीची तपासणी करणारी एक तरुण बहारिनी डॉक्टरीण आली आहे, असं कळलं. तपासणीआधी काही दिवस गोळ्या बंद ठेवायच्या होत्या, आणि तो नेमका मार्च. मी तिच्यासमोर बसले तेव्हा माझे डोळे, नाक सगळं एकदम वाहत होतं. तिने माझ्या हातावर आतल्या बाजूला निरनिराळ्या अर्कांचे थेंब टाकले, प्रत्येक थेंबातून सुईने हलकं टोचलं, आणि वाट पाहायला सांगितली.

धुळीच्या जागी काही नाही. खजुराच्या जागी डासाच्या चाव्याएवढं. आणि एका जागी बघता बघता रुपयाएवढी गांध उठली, लाल, कडांना फुटत गेलेली.

डॉक्टरीण म्हणाली, “तुमच्या घराजवळ पिवळ्या तुऱ्यांचं, शेंगांचं, या जातीचं झाड आहे का?”

“खिडकीतून हात बाहेर काढला की हाताला लागतं.”

ती हसली, मग माझ्याकडे पाहून हसायची थांबली. “लोकांना वाटतं इथे काही फुलत नाही,” ती म्हणाली. “फुलतं. आणि त्याची पूड वाऱ्यावर लांबवर जाते, अडवायला इथे आहे काय? तुम्हांला कुणी सांगितलं नाही?”

मला रडू आलं. डोळे आधीच वाहत होते, म्हणून कुणाला कळलं नाही. इतकी वर्षं मला वाटलं होतं की कारण सापडलं की मला आनंद होईल. झाला तो संताप. साहेबाचा, त्या डॉक्टरांचा, शर्टावर वाळू बघणाऱ्या नवऱ्याचा.

डॉक्टरणीने नवीन गोळ्या दिल्या, झोप न येणाऱ्या, आणि नाकात मारायचा फवारा. फुलं यायच्या आधीपासून सुरू करा म्हणाली. झाड तोडावं का, असं मी विचारलं, तर तिने खांदे उडवले. “त्रास कमी होईल. जाणार नाही. एकच झाड थोडंच आहे?”

घरी येऊन मी मिस्टरांपुढे हात धरला. गांध अजून उतरली नव्हती. त्यांनी ती बघितली, चष्मा लावून पुन्हा बघितली. मीटरवर काटा हलला होता.

“म्हणजे ते झाडच,” ते म्हणाले. “तोडायला हवं.”

“झाड हज्जीचं आहे. तिने नाही म्हटलंय. तुम्ही काही बोलू नका.”

“बरं,” ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मी कामावरून आले तर कोपऱ्यावरच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आमचं घर उघडं पडलं होतं. दारापुढे फांद्यांचा ढीग, आणि दोन माणसं बुंध्याचे तुकडे ट्रकमध्ये टाकत होती. भुशाचा आणि ओल्या लाकडाचा वास. मी शिंकत शिंकत जिना चढले. मिस्टरांची सकाळची शिफ्ट होती, ते घरी आलेले. चहा करून वाट बघत बसले होते. चेहऱ्यावर असा आनंद, की जणू माझ्यासाठी दागिना आणलाय.

“झालं तुझं काम,” ते म्हणाले.

“कुणी केलं हे?”

“तिच्या मुलाशी बोललो शुक्रवारी. त्याला नाहीतरी गाडीसाठी शेड घालायचीच होती. म्हणाला, बरं झालं सांगितलंत, आईला कसं सांगू कळत नव्हतं.”

“आणि त्याने आईला काय सांगितलं?”

काय सांगितलं असणार? वरच्या बाईला त्रास होतो म्हणून.

“मी म्हटलं होतं ना, बोलू नका!”

“अगं, तुझ्यासाठीच केलं.”

“इतकी वर्षं मी सांगत होते तेव्हा वाळू होती. आणि ज्या दिवशी तुम्हांला पटलं त्या दिवशी मला विचारावंसंही वाटलं नाही?”

त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. मी तो घेतला नाही. आमच्या संसारात इतकी चिडून मी कधी बोलले नव्हते, आणि ते इतके गोंधळून कधी बसले नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं की चुकलं कुठे.

हज्जी माझ्याशी बोलायची थांबली. असर झाल्यावर ती बाहेर यायची नाही. मी शेवयांची खीर पाठवली, ती सुनेच्या हातून तशीच परत आली, वर झाकण घालून. शेवटी मीच खाली गेले. ती आतल्या खोलीत एअरकंडिशनरसमोर बसली होती. तिला ती हवा आवडायची नाही.

“हज्जी, मैंने नहीं बोला आपके बेटे को.”

“मालूम है. तेरा आदमी बोला.” मग म्हणाली, “झाड मेरा था. पूछना मेरेको था.”

“मैंने पूछा था, हज्जी. आपने ना बोला था.”

“हां,” ती म्हणाली. “तो ना था.”

मी तिच्याजवळ बसून राहिले. तिने जा म्हटलं नाही, बैस म्हटलं नाही.

मिस्टरांना मी हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग एका सुट्टीच्या दिवशी कुठून तरी लोखंडी पाइप आणि खजुराच्या झावळ्यांच्या चटया घेऊन आले आणि मुलाच्या गाडीची शेड सोडून उरलेल्या कोपऱ्यात त्यांनी हज्जीसाठी मांडव घातला. दिवसभर एकटे खपत होते. कुणी मदतीला आलं नाही, मीही गेले नाही. कितीतरी दिवस त्या मांडवाखाली कोंबड्याच बसायच्या. मग एका दुपारी मी आले तर खुर्ची तिथे होती आणि खुर्चीत हज्जी.

“बैठ,” ती म्हणाली. बिंती म्हटलं नाही. मी बसले. थोड्या वेळाने वरच्या चटईकडे बोट करून म्हणाली की झाडाखाली गारवा असतो, याच्याखाली नुसती सावली आहे. पण तिने हे मिस्टरांना कधी ऐकवलं नाही. उलट ते जाताना दिसले की सलाम करायची.

पुढच्या मार्चमध्ये मी खिडकी उघडून पाहिली. पहिले काही दिवस छान गेले. मग वारा फिरला आणि शिंका आल्या. आधीपेक्षा कमी, गोळ्यांनी आवरणाऱ्या, पण आल्या. खालून मांडवातून हज्जीचा आवाज आला, “अब किसका झाड काटेगा?”

मला भयंकर राग आला, आणि हसूही. मी खिडकीतून डोकं काढून म्हटलं, “सबका!” ती खाली हसत होती. त्या दिवसापासून मी पुन्हा बिंती झाले.

गोळ्या लागू पडल्यावर मी नव्या साहेबाकडे गेले. जुना तोवर मायदेशी गेला होता. म्हटलं, आता मला बरं वाटतंय, मला माझा बोर्ड परत द्या. तो चांगला माणूस होता, लगेच हो म्हणाला असता. पण बोर्ड राहिला नव्हता. त्याच महिन्यात नवीन बटणांचं यंत्र बसलं होतं, ज्याचं त्याला फोन आपोआप लावणारं. माझा जुना बोर्ड, वायरींसकट, फायलींच्या खोलीत आणून ठेवला होता. माझ्याच टेबलासमोर. मी त्यावर कॅटलॉग रचले.

मग अखेर आम्ही मनामात परत आलो, मुलीच्या शाळेमुळे. मिस्टरांनी सेकंडहँड गाडी घेतली. एकदा अरादला हज्जीला भेटून परतताना पाहिलं, तर नव्या रस्त्याच्या दुभाजकात खड्डे काढले होते आणि दोन्ही बाजूंनी कोवळी रोपं लावली होती, प्रत्येकाला काठीचा आधार आणि पाण्याची नळी. शहर हिरवं करायचं चाललं होतं. मिस्टरांनी गाडी हळू केली. बारीक पानं, काटेरी फांद्या. त्यांनी ती माझ्याआधी ओळखली.

“आता गं काय करायचं?” ते म्हणाले. रस्ता संपेपर्यंत रांग संपत नव्हती.

मी म्हटलं, “काच वर करा, आणि चला.”